लॅपटॉप तापून मंद झालाय, की थंड असूनही मंद आहे?

एप्रिल-मे आला की या सदराच्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो आणि बरीचशी पत्रं एकाच वाक्याने सुरू होतात, ताई लॅपटॉप खूप गरम होतोय आणि स्लो झालाय, काय करू. या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत आणि आपण त्या एकच धरतो, तिथेच सगळा घोळ होतो. गरम झाल्यामुळे मंद झालेला लॅपटॉप वेगळा आणि हाताला गार लागूनही गोगलगायीसारखा चालणारा लॅपटॉप वेगळा. पहिल्याला साफसफाई, हवा, पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्यावरचं तांबं यांच्या मधे उष्णता पोचवायला लावतात ती) असलं काहीतरी लागतं. दुसऱ्याला तुम्ही चार वेळा पेस्ट बदलली तरी ढिम्म फरक पडत नाही, कारण त्याला कुणीतरी हळू चाल असा हुकूम दिलेला असतो आणि तो हुकूम कोण देतंय हे शोधायचं असतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी तीन आकडे बघा, प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग म्हणजे गिगाहर्ट्झ, आणि तो किती वॅट खातोय. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो पण प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे त्यात तिन्ही एका जागी मिळतात. आणि दोनदा बघायचे, एकदा लॅपटॉप निवांत असताना आणि एकदा दहा मिनिटं चांगलं काम दिल्यावर. या महिन्यात ज्यांनी हे आकडे पाठवले त्यांची पत्रं आधी घेतलीत.

प्रश्न: ताई, मी अकोल्याला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. लॅपटॉप सात वर्षांचा, आय-फाइव्ह ८२५०यू. गेल्या महिन्यापासून टॅली आणि एक्सेल एकत्र उघडलं तरी पंखा जोरात ओरडतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास दोनदा आपोआप बंद पडला. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल. आकडे बघितले तर काम चालू असताना ९८ अंश आणि वेग १.१ गिगाहर्ट्झ.

उत्तर: दादा, मदरबोर्ड बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमचे आकडेच सांगतायत की प्रोसेसर जिवंत आहे आणि स्वतःला वाचवतोय. तुमच्या या प्रोसेसरचा पायाचा, म्हणजे नेहमीचा ठरलेला वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे, टर्बोमध्ये, म्हणजे जड कामासाठी मिळणाऱ्या जादा वेगात, तो ३.४ पर्यंत जातो. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरना साधारण १०० अंशाची मर्यादा आखून दिलेली असते (मॉडेलप्रमाणे थोडं पुढेमागे), तिच्या जवळ आलं की तो आपणहून वेग कमी करतो, आणि एवढं करूनही तापमान चढतच राहिलं की जळण्यापेक्षा सरळ बंद होतो. तुमचं दुपारी बंद पडणं बहुतेक हेच आहे.

आता दुपारीच का, तर लॅपटॉपचा पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीतल्या हवेला नेऊन देतो. म्हणजे खोली जितकी गरम तितका प्रोसेसर वर सरकतो. समजा २५ अंशाच्या खोलीत एखादं काम करताना प्रोसेसर ८० वर असेल, म्हणजे खोलीपेक्षा ५५ ने जास्त, तर तेच काम ४२ अंशाच्या खोलीत केलं की तो ९७ च्या आसपास जाणार, मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसताना. विदर्भातल्या मे महिन्यात हा हिशोब रोजचाच आहे. पुण्याच्या गार खोलीत बसून कुणी यूट्यूबवर सांगत असेल की ७० च्या वर गेलं म्हणजे खराब, तर ते तुमच्यासाठी नाहीये.

पण तुमच्याकडे नुसतं ऊन नाही, तुमच्याकडे रुईसुद्धा आहे, आणि मला जास्त संशय तिचाच येतो. लॅपटॉपच्या आत प्रोसेसरवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते, तिच्यातली हवा काढून घेतलेली असते आणि अगदी थोडं पाणी असतं. आत दाब कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशाची वाट बघत नाही, कमी तापमानालाच त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाते, तिथे धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते तिच्यात थंड होऊन परत पाणी, आणि ते पाणी पुन्हा प्रोसेसरकडे, असं चक्र चालू राहतं. ते दुसरं टोक थंड ठेवणं एवढंच पंख्याचं काम. जिनिंगमधल्या हवेतले बारीक तंतू पंख्यातून आत येतात आणि बरोबर पंखा आणि त्या जाळीच्या मधे अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते, वर्षा-दोन वर्षांत तिथे नमद्यासारखा घट्ट पट्टा तयार होतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते कारण कचरा आतल्या बाजूला असतो. पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय आणि बाहेर हवा जवळजवळ येतच नाहीये, हे त्याचं लक्षण. मागच्या नाहीतर बाजूच्या जाळीपाशी हात धरून बघा, पंखा ओरडतोय तेव्हा तिथून जोराचा गरम झोत यायला हवा. आवाज मोठा आणि झोत मंद असेल तर निदान झालंच म्हणून समजा.

बाहेरून ब्लोअर मारून हा पट्टा निघत नाही, उलट आणखी आत दाबला जातो. मागचं झाकण उघडून, बॅटरीची वायर काढून, पंखा सोडवून तो पट्टा चिमट्याने ओढून काढावा लागतो. ब्लोअर वापरलाच तर पंख्याचं पातं काडीने अडवून ठेवा, वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं. स्वतः करायची सवय नसेल तर दुकानात द्या पण सांगताना मदरबोर्ड वगैरे बोलू नका, पंखा सोडवून जाळी साफ करायची आणि पेस्ट बदलायची एवढंच सांगा आणि निघालेला कचरा दाखवा म्हणा. सात वर्षांत पेस्ट वाळलेली असणार, त्यामुळे एका खेपेत दोन्ही करून घ्या.

ऑफिसात कूलर असेल तर त्याने खोलीचं तापमान खाली येतं ते चांगलंच, फक्त लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, ओलसर हवेत रुई आणि धूळ एकमेकांना चिकटून लगदा होतो आणि तो काढणं जास्त अवघड जातं.

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा लॅपटॉप अजिबात गरम नाहीये, ४५ अंश फक्त, पण इतका स्लो की ब्राउझर उघडायला मिनिट लागतं. टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.७९ वर अडकलाय, काहीही केलं तरी हलत नाही. विंडोज पुन्हा टाकून झालं, रॅम वाढवून झाली. मागच्या महिन्यात ओरिजिनल चार्जर जळाला म्हणून दुसरा घेतला, बाकी काही बदल नाही.

उत्तर: तू शेवटी जाता जाता जे वाक्य लिहिलंस ना चार्जरचं, उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. आणि रॅमचे पैसे गेले याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, कारण ही तक्रार घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी येतं आणि प्रत्येकाने आधी विंडोज तरी टाकलेलं असतं नाहीतर एसएसडी तरी बदललेली असते.

प्रोसेसरला प्रोचॉट नावाची एक पिन असते. मी गरम झालोय हे प्रोसेसरने बोर्डाला सांगायचं, हे तिचं मूळ काम. पण ती दोन्ही बाजूंनी चालते, म्हणजे बोर्डावरचं दुसरं कुणीही तीच पिन ओढून प्रोसेसरला सांगू शकतं की बाबा हळू हो. याला बीडी प्रोचॉट म्हणतात. प्रोसेसर कारण विचारत नाही, सिग्नल आला की तो निमूटपणे तळाच्या वेगावर जाऊन बसतो, ०.३९ किंवा ०.७९ असे आकडे दिसतात ते त्यामुळे. तापमान ४५ आणि वेग ०.७९ ही जोडी दिसली की माझी नजर पहिल्यांदा इथेच जाते.

सिग्नल देणारं कोण असतं, तर बऱ्याचदा चार्जर. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जरच्या टोकाला मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर स्वतःची ओळख सांगतो की मी इतक्या वॅटचा आहे. ती पिन वाकली, आतली तार तुटली, किंवा लोकल चार्जरमध्ये ती ओळख नीट दिलेलीच नसली की लॅपटॉपला वाटतं हा कोण आहे माहीत नाही, याच्यावर जास्त भार टाकायला नको, आणि तो प्रोसेसर दाबून ठेवतो. काही मशीन बॅटरीपण चार्ज करत नाहीत अशा वेळी, तुझी होतेय का बघ.

तपासायला पैसे लागत नाहीत. चार्जर काढ, नुसत्या बॅटरीवर चालव आणि वेग बघ. लगेच दोन-तीन गिगाहर्ट्झवर उडी मारली तर चोर सापडला. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) जाऊन अ‍ॅडॅप्टरसमोर काय लिहून येतं ते बघ, वॅटचा आकडा येतो की अननोन. चार्जरच्या लेबलवरचा गुणाकार पण कर, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपियर म्हणजे ६५ वॅट, १९.५ आणि २.३१ म्हणजे ४५ वॅट. दिसायला दोन्ही सारखे आणि टोकही कधीकधी तेच, त्यामुळे ६५ च्या लॅपटॉपला दुकानदार ४५ चा देतो आणि मग मशीन भाराखाली गुदमरतं.

बॅटरीवरही ०.७९ च राहिला तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढ, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढ, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धर आणि मग चालू कर, कधीकधी बोर्डावरच्या छोट्या कंट्रोलरच्या डोक्यात जुनीच समजूत बसलेली असते ती याने जाते. त्यानेही नाही झालं तर मात्र बॅटरी नाहीतर बोर्डावरचा एखादा सेन्सर, ते दुकानातच बघावं लागेल.

आता तुला कुणीतरी थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्रॅम सुचवेल आणि म्हणेल बीडी प्रोचॉटची टिक काढून टाक, झालं काम. काम होतं हे खरं आहे, वेग परत येतो, आणि प्रोसेसरचं स्वतःचं १०० अंशाचं संरक्षण तसंच राहतं. पण प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा जो भाग असतो तो तापला तर तो ज्या तारेने ओरडणार ती तूच कापलेली असते. खात्री करून घ्यायला दहा मिनिटं टिक काढून बघ, परीक्षेचं सबमिशन उद्यावर असेल तर तेवढा दिवस काढ, पण कायमचा इलाज म्हणून नको. योग्य वॅटचा, ओळख देणारा चार्जर घे.

प्रश्न: मी रत्नागिरी तालुक्यात शिक्षिका आहे. शाळा सुटताना लॅपटॉपचं झाकण बंद करून बॅगेत टाकते, घरी येईपर्यंत तासभर जातो. बॅग उघडली की लॅपटॉप चटका बसेल इतका गरम आणि बॅटरी निम्म्यावर. नवा आहे, वर्षसुद्धा झालं नाही. जुन्या लॅपटॉपला असं कधी झालं नव्हतं.

उत्तर: बाई, तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड नसावा, झोपेची व्याख्या बदललीय. जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण लावलं की एस-थ्री नावाची झोप लागायची, प्रोसेसर पूर्ण बंद, फक्त रॅमला थोडी वीज. नव्या बऱ्याच मशीनमध्ये मॉडर्न स्टँडबाय असतं, त्यात लॅपटॉप मोबाईलसारखा अर्धवट जागा राहतो, वायफायवरून मेल आणतो, अपडेट उतरवतो. टेबलावर असताना याचा काही त्रास नाही. पण बॅगेत हवा नसते, आत एखादं अपडेट सुरू झालं किंवा एखाद्या ड्रायव्हरने झोपूच दिलं नाही की उष्णता जाणार कुठे.

तुमचा कुठला आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि ए एवढं टाइप करा. यादीत एस-झिरो लो पॉवर आयडल आलं म्हणजे मॉडर्न स्टँडबाय.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडता येतं, तिथे बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्हीकडे स्लीपऐवजी हायबरनेट करा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं, उघडल्यावर तुमच्या फायली होत्या तशाच मिळतात, फक्त सुरू व्हायला थोडी सेकंदं जास्त. हायबरनेट यादीत दिसलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, तिरकी रेघ एच, मग ऑन, असं दिलं की येतं. आणि एक सवय लावून घ्या, चार्जर आधी काढायचा आणि झाकण नंतर लावायचं. चार्जरवर असताना झोपलेलं मशीन काही वेळा मी अजून चार्जरवरच आहे अशाच थाटात आत काम करत बसतं. हे मनावर घ्याच, कारण बंद बॅगेतली ती उष्णता बॅटरीला रोज थोडंथोडं मारते.

प्रश्न: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ केलं आणि लॅपटॉप एकदम थंड झाला, एका टक्क्यात एवढा फरक कसा? यात काही नुकसान?

उत्तर: तो एक टक्का नाहीये. १०० च्या खाली आलात की विंडोज टर्बो बंद करतं, म्हणजे तुमचा प्रोसेसर टर्बोत ३.४ पर्यंत जात असेल तर आता तो पायाच्या १.६ वरच थांबतो. एवढा थंड होण्याचं कारण असं की प्रोसेसरला लागणारी वीज वेगाबरोबर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाबरोबरही (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) वाढते, आणि जास्त वेग हवा असेल तर व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं. समजा एखाद्या प्रोसेसरला ३.४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागत होते आणि २.४ ला ०.९ पुरतात, तर वेग ३० टक्क्यांनी उतरला पण वीज जवळजवळ ६० टक्क्यांनी उतरली. शेवटचा थोडा वेग फार महागात पडतो तो असा.

नुकसान काही नाही, टायपिंग, मेल, हिशेब, ऑनलाइन मीटिंग यासाठी मी स्वतः उन्हाळ्यात बिनधास्त ९९ वर ठेवते. फक्त पायाचा वेग किती आहे ते आधी बघा, तो २.४ किंवा २.६ असेल तर जाणवणारही नाही, १.६ असेल तर जड काम करताना जाणवेल. काही नव्या लॅपटॉपवर ही सेटिंग दिसतच नाही, तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये बेस्ट पॉवर एफिशियन्सी निवडा, परिणाम थोडा सौम्य असतो पण दिशा तीच. मिनिमम प्रोसेसर स्टेट मात्र कुणी १०० केलं असेल तर ते आधी खाली आणा, निवांत वेळी प्रोसेसरला श्वास घ्यायला मिळाला पाहिजे.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. गेमिंग लॅपटॉप, दहाव्या पिढीचा आय-सेव्हन. सगळे म्हणतात अंडरव्होल्ट कर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी कर, १० अंश कमी होतील, पण थ्रॉटलस्टॉपमध्ये ते स्लायडर बंदच आहेत. जुनं बायोस टाकू का?

उत्तर: नको टाकूस. ते स्लायडर बहुतेक मुद्दाम बंद केलेत. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली, बर्मिंगहॅम विद्यापीठ, ग्राझचं तंत्रविद्यापीठ आणि बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज कमी करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येतात आणि त्यातून गुपितं काढता येतात. मग इंटेलने आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोस अपडेट देऊन ती सोय बऱ्याच मशीनवर कुलूपबंद केली. जुनं बायोस टाकलं तर त्यानंतरच्या बाकीच्या सुरक्षा दुरुस्त्याही जातात, आणि टाकताना मधेच लाइट गेली तर लॅपटॉप उठणारच नाही अशी वेळ येते, १० अंशांसाठी एवढं कशाला.

तुझ्या कामाचं दुसरं आहे. त्याच प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट असतात, पीएल-वन म्हणजे सलग किती वॅट खायचे आणि पीएल-टू म्हणजे थोड्या सेकंदांसाठी किती. पीएल-टू कमी केलंस की गेम सुरू होताच येणारा तो उंच झटका जातो. गेममध्ये बरंच काम ग्राफिक्स करतं आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तांब्याच्या नळीवर बसलेले असतात, त्यामुळे प्रोसेसरचे १० वॅट कमी केले की ते ग्राफिक्सच्या वाट्याला येतात आणि गेम उलट जास्त सुरळीत चालतो. पाच-पाच वॅटने खाली ये आणि प्रत्येक वेळी तोच गेम १५ मिनिटं खेळून बघ.

प्रश्न: कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड, घ्यावं का?

उत्तर: आधी लॅपटॉप उलटा करून बघा. खाली हवेची जाळी असेल तर फायदा होतो, नसेल तर ते पंखे नुसत्या प्लास्टिकवर वारा घालत बसतात. आणि जाळी असली तरी पहिल्यांदा मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवा आणि आकडे बघा, बराचसा फायदा त्या दोन सेंटिमीटरच्या फटीचाच असतो. गादीवर, गोधडीवर, मांडीवर उशी ठेवून वापरत असाल तर पॅडपेक्षा आधी एखादा पाट घ्या.

प्रश्न: ताई, मी स्वतः पेस्ट बदलली आणि आता आधीपेक्षा जास्त गरम होतोय. आधी ८५ होतं, आता सुरू केल्या केल्या ९५. निवांत असताना ५० च असतं. पेस्ट चांगल्या कंपनीची होती.

उत्तर: पेस्टच्या कंपनीचा यात दोष नसणार, बैठक चुकलीय. तापमान कसं चढतं ते बघायचं असतं. काम दिल्याबरोबर एक-दोन सेकंदात ५० वरून ९५ वर उडी मारत असेल तर प्रोसेसर आणि तांबं यांचा नीट स्पर्श होत नाहीये, उष्णता नळीपर्यंत पोचतच नाही. आणि पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर स्पर्श ठीक आहे, पुढे पंखा नाहीतर जाळी अडलीय. तुम्ही सुरू केल्या केल्या लिहिलंय म्हणजे पहिला प्रकार. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचं, म्हणजे त्यातल्या प्रत्येक काम करणाऱ्या भागाचं तापमान वेगवेगळं बघा, सगळ्यांवर सारखा भार असताना एक कोअर बाकीच्यांपेक्षा १०-१५ अंशांनी वर असेल तर एक बाजू उचललेली आहे.

पुन्हा उघडा आणि काढल्यावर पेस्टचा ठसा बघा, तो सगळं सांगतो. मधे कोरडी जागा दिसली तर पेस्ट पुरली नाही, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघडी चिपच असते, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत पातळ थर पसरलेला हवा. पूर्ण ठसा आहे पण जाड आहे, तर दाब बसला नाही. स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमाने, एकेक थोडाथोडा असं आवळायचं, एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा असं केलं की तांबं तिरकं बसतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढायची, नेलपेंट रिमूव्हरने नाही.

आणि एक विचारते, प्रोसेसरच्या शेजारच्या भागांची उष्णता तांब्याला देणारे ते मऊ थर्मल पॅड तुम्ही बदललेत का? बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड लावला की तो तांब्याला वर उचलून धरतो आणि प्रोसेसरला स्पर्शच होत नाही. उलट जाडच्या जागी पातळ लावला तर प्रोसेसर मस्त थंड, पण वीज पुरवणारा भाग उघडा पडून तापतो आणि मग तो प्रोचॉटची तार ओढतो, म्हणजे वर पुण्याच्या मुलाला झालं तसं, प्रोसेसर गार आणि मशीन मंद. जुन्या पॅडची न दबलेली कड मोजून तेवढ्याच जाडीचा घ्या. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू) वाटेला जाऊ नका, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं आणि एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो.

प्रश्न: साताऱ्याहून. वडिलांचा २०१६ चा लॅपटॉप, सहाव्या पिढीचा प्रोसेसर. बाकी सगळं ठीक चालतं, फक्त यूट्यूबवर कीर्तन लावलं की पंखा सुरू.

उत्तर: व्हिडिओ कुठल्या पद्धतीने आवळून पाठवलाय त्यावर हे असतं. यूट्यूब आता व्हीपी-नाइन आणि एव्ही-वन या पद्धती जास्त वापरतं. इंटेलमध्ये व्हीपी-नाइन उलगडायची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही-वनची अकराव्यापासून, त्यामुळे वडिलांच्या लॅपटॉपमध्ये ते काम प्रोसेसरला घाम गाळून करावं लागतं. एच-२६४ ही जुनी पद्धत मात्र तो आरामात उलगडतो, तेव्हा ब्राउझरमध्ये एचटूसिक्स्टीफोरिफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबकडून एच-२६४ च मागतं. ते नको असेल तर ४८० वर लावा, कीर्तन ऐकायचं असतं, तेवढं पुरतं.

प्रश्न: मडगावहून. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) पॉवरसेव्ह दाखवतं म्हणून परफॉर्मन्स केलं तर पंखा थांबतच नाही.

उत्तर: परत पॉवरसेव्हवर आणा. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह या नावाचा अर्थ कायम हळू असा होत नाही, काम आलं की तो वेग वाढवतोच. तापमान सांभाळणारा थर्मलडी चालू ठेवा, आणि वीज वाचवणारे टीएलपी किंवा पॉवर प्रोफाइल्स डीमन यांपैकी एकच ठेवा, दोघं एकाच सेटिंगसाठी भांडतात.

प्रश्न: टचपॅड एका बाजूने वर आलाय, क्लिक होत नाही आणि झाकण नीट लागत नाही. गरम तर नेहमीच व्हायचा. टचपॅड बदलायला किती खर्च येईल?

उत्तर: हे पत्र अंक जुळत आला तेव्हा आलं, तुम्हाला मेलवर लगेच कळवलंय, तरी इथे छापतेय कारण घरोघरी असे लॅपटॉप आहेत. टचपॅडला काही झालेलं नाही, त्याच्याखालची बॅटरी फुगलीय. वर्षानुवर्षं गरम राहिलेली आणि कायम १०० टक्के चार्जला ठेवलेली लिथियम बॅटरी आतून गॅस धरते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. वरून दाबून टचपॅड बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोचू नका, फुगा फोडून गॅस काढतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या हातात देऊ नका, ती पेटते. गादी, कागद, पडदे यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा आणि उद्याच दुकानात नेऊन बॅटरी काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. नवी बसवल्यावर लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असणार असेल तर कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का बघा, असेल तर पहिल्या दिवसापासून चालू करा.